इतिवृत्तात नसलेलं

मंडळीच्या सभेची वही माझ्याकडे असते.
लाल कापडी पुठ्ठा, कडेला डिंकाचा वास.
अक्षर बरं म्हणून एकवीस वर्षं
ठराव, सूचक, अनुमोदक
मीच लिहीत आलोय.

वहीत असं आहे:
पंख्यांवर खर्च जास्त झाला.
श्री. रणभिसे यांनी हिशेब मागितला.
श्री. हिवाळे यांना ते लागलं.
(पुढच्या दोन ओळी मी स्वतः खोडल्यात.)
तेव्हापासून हिवाळे उजव्या बाकांवर, रणभिसे डाव्या,
मधे काथ्याची चटई
आणि सोलापूरचे आठ उन्हाळे.
प्रभुभोजनाला पेल्यांची ताटंही दोन लागायची,
एक इकडून, एक तिकडून.

वहीत असंही आहे:
तेलुगू उपासना लांबते, आमचे लोक दारात ताटकळतात.
चर्चा झाली. विषय पुढे ढकलला.

नवे पाळक पुण्याकडचे.
एका रविवारी मागावर बोलले,
उभा धागा, आडवा धागा, मिळून एक चादर.
रणभिसे बाहेर चपला शोधता शोधता पुटपुटले,
"धागा तुटला की माग थांबवावा लागतो, साहेब.
कुणीतरी वाकून गाठ मारावी लागते.
ते राहिलंच सांगायचं."
चाळीस वर्षं जॉबर होते ते.
हे वहीत नाही.

हिवाळे गेले तेव्हा रणभिसे कबरस्तानात आले,
मूठभर माती टाकली,
मागच्या फाटकाने निघून गेले.
मग एस्तेरबाई न्हाणीत घसरल्या,
खुब्याचं हाड मोडलं.
मुलगा मस्कतला. फोन करतो, पैसे पाठवतो,
पण फोनवरून पिंप भरत नाही.

दिवसा रत्नम्मा येऊन बसायची,
तीच ती, लांबणाऱ्या उपासनेतली.
मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं,
विड्या वळता वळता भाकरी कुस्करून द्यायची दुधात.
तिचं मराठी तोकडं, ह्यांचं तेलुगू त्याहून.
तरी दुपारभर दोघी बोलायच्या.
कशाबद्दल, देव जाणे.

आमच्याकडे पाणी पाचव्या दिवशी,
तेही रात्री अडीचला.
मी माझी घागर घेऊन उभा,
तर समोर नळावर रणभिसे.
सत्तरीचा माणूस, कमरेला हर्नियाचा पट्टा,
दोन्ही हातांत कळश्या,
हिवाळ्यांच्या ओट्याची पायरी चढत होते.
मला पाहून थबकले.
"वहीत घेऊ नका," एवढंच म्हणाले.

आतून आवाज आला, "रत्नम्मा का गं?"
ते गप्प. पाणी ओतत राहिले.
पण गिरणीतल्या कापसाचा खोकला
कुणाला दाबता आलाय?
आत बराच वेळ काहीच हललं नाही.
नळाची धार बारीक झाली.
मग एस्तेरबाई म्हणाल्या,
"पिंपावर झाकण ठेवून जा, भावोजी.
उंदीर झालेत फार."

दीड महिन्याने त्या देवळात आल्या.
बाकावर बसता येईना,
म्हणून रत्नम्माच्या पोराने
प्लास्टिकची निळी खुर्ची आणली
आणि ठेवली चटईवर, बरोब्बर मधे.
ना उजवीकडे, ना डावीकडे.
पेल्यांचं ताट डाव्या बाकांवरून आलं,
रणभिशांच्या हातून त्यांच्या हातात,
तिथून पलीकडे.
दुसरं ताट टेबलावर तसंच राहिलं,
फडक्याखाली.
रत्नम्मा दारात उभी होती, तिची उपासना संपवून.
तिला बसायला जागा करा, असं कुणी म्हटलं नाही,
पण चौथा बाक आपोआप सरकला.

रात्री मी वही उघडली.
पंख्यांचा हिशेब अजून लागलेला नाही.
तो लागेल असं वाटतही नाही.
शब्द दिला होता, म्हणून नळाचं काही लिहिलं नाही.
तारीख घातली, हजेरी मांडली, खाली लिहिलं:
एक खुर्ची मधल्या वाटेत ठेवण्यात आली.
कोणीही हरकत घेतली नाही.